मामीच्या फेरीचा पुरावा
आमची मामी शिवणकाम करते आणि फावल्या वेळात गेमच्या कन्सोलवर गाड्या पळवते. खरी गाडी तिला येत नाही, पण डोंगरातल्या ट्रॅकवरची सगळ्यात वेगवान फेरी तिच्या नावावर लागली. हा गेम खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन मंडळातल्या पोरांना ते पचेना. ‘पुन्हा तशी फेरी मारून रविवारी सहापर्यंत व्हिडिओ पाठवा, नाहीतर नाव काढू,’ असं मंडळाच्या प्रमुखाने कळवलं. चोरीचा आळ आल्यासारखी मामी धुमसत होती.

कन्सोलमधली जागा गच्च भरलेली, म्हणून रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घ्यायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, “कॅप्चर कार्ड लागेल, बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं. चार दिवसांनी येईल.” म्हणजे रविवार उलटल्यावर.

मामा निवृत्त वायरमन. “कार्डबिर्ड काही नको,” म्हणत त्यांनी कन्सोलची वायर टीव्हीतून काढून लॅपटॉपला खोचली. बसली अगदी चपखल, पण पडद्यावर काहीच येईना. त्यांनी वायर उलटी लावली, दुसरी आणली, तिसरी आणली. लॅपटॉपच्या त्या भोकातून चित्र फक्त बाहेर जातं, आत येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. “बसते म्हणजे चालणारच,” हा त्यांचा हेका.

शेवटी मामीनेच कन्सोलचं ॲप लॅपटॉपवर घेतलं, आपलं खातं उघडलं, आणि वायफायवरून गेम लॅपटॉपवर आला. आता पडदा रेकॉर्ड करायचा, एवढंच. वायरच नाही म्हटल्यावर मामांचं तोंड एवढंसं झालं.

चित्र मात्र क्षणभर उशिरा यायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी कठड्यावर आदळली. मग मामी म्हणाली, “गळ्याचा गोल शिवताना कापड आधीच वळवायचं असतं, तसंच हे.” पाचव्या फेरीला तिने आपलाच विक्रम मोडला. रविवारी साडेपाचला व्हिडिओ गेला.

गेल्यावर मी तो लावून ऐकला. लॅपटॉपचा माइक चालूच राहिला होता! फेरीभर मामांचा आवाज: “डावीकडे घे! अगं, ब्रेक मार, ब्रेक!” खेळताना दुसऱ्याची मदत घ्यायला मंडळात सक्त मनाई. मामी मामांकडे पाठ करून शिलाई मशीनवर बसली. मामा वायरी गुंडाळत राहिले.

सहाला उत्तर आलं. मामीने मोठ्याने वाचलं, “मावशी, फेरी मान्य. तुमच्या बाजूला बसलेल्या काकांनी सांगितलेलं प्रत्येक वळण चुकीचं होतं, आणि तुम्ही त्यांचं एकदाही ऐकलं नाहीत.”

मामीने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. “चाळीस वर्षं मी हेच सांगतेय,” ती म्हणाली, “आज लेखी मिळालं.”

आधी हसले ते मामाच.