चढावरची गाडी

मिरकरवाड्याहून मासळी घेऊन येणारी ती बाई मला रोज दिसायची. उजवा पाय लहानपणीच लुळा पडलेला. म्हणून तिने मोटरसायकलला मागे दोन जादा चाकं लावून घेतली होती आणि पायाचा ब्रेक हाताशी आणून घेतला होता. एकदा ऐन चढावर तिची गाडी थांबलेली पाहून मी ढकलायला धावलो.

"हात काढ, भावा!" ती खेकसली. "मुद्दाम थांबवलीय. हा नवा ब्रेक आजच बसवलाय. भरल्या पाट्यांनी चढावर थांबून परत सुटली, तरच गाडी माझी."

ब्रेकने गाडी जागच्या जागी धरून ठेवली. मग तिने अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला आणि गाडी सुटली. थोडं पुढे जाऊन तिने मान वळवली.

"चालत कशाला येतोस? बस मागे."