कोरड्या गावाकडे निघालेली बारा गाठोडी

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ सगळं हाताळलं. त्यातलं बरंचसं आता धूसर झालं आहे, एकातला आरोपी दुसऱ्यात मिसळतो. पण पिठाच्या बारा गाठोड्यांची ती चौकशी मात्र आजही तारखेवार सांगता येईल इतकी ताजी आहे.

एकसष्टचा पावसाळा. पुण्याच्या वरचं धरण फुटलं आणि ते पाणी भीमेत उतरलं. मी तेव्हा शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. नदीकाठची गावं पाण्यात गेली. रस्ते तुटले, होड्या नव्हत्या. लोकांनी गुऱ्हाळावरच्या काहिली पाण्यात सोडल्या आणि गूळ शिजवायच्या त्या कढयांत बसवून म्हातारी माणसं बाहेर काढली.

पाणी ओसरल्यावर आमचं खरं काम सुरू झालं. दौंड स्टेशनात धान्याच्या वाघिणी येत. तिथून ट्रक, ट्रक रुतला की बैलगाडी. कोणत्या छावणीत किती माणसं आहेत हे कळल्याशिवाय किती धान्य धाडायचं ते ठरत नसे. म्हणून प्रत्येक छावणीप्रमुखाने संध्याकाळी माणसांच्या आकड्याची चिठ्ठी द्यायची, शिपायाने ती सायकलवरून ठाण्यात आणायची, मी फळ्यावर लिहायची आणि मामलेदारांना फोन करायचा, अशी पद्धत मी बसवली होती. त्या फळ्याचा मला फार अभिमान होता. मामलेदार दोनदा येऊन तो पाहून गेले तेव्हा मी उगाचच खडूचे हात झटकत उभा होतो.

दहाव्या दिवशी सकाळी एक गृहस्थ ठाण्यात आले. नदीपासून चार मैलांवर माळावर एक गाव आहे, तिथल्या सोसायटीचे ते चेअरमन. चांगले बागायतदार, बोलणं खणखणीत.

"सायेब, आमच्या गावात पुराचा थेंब न्हाई आला. आन् सरकारी धान्य उतरतंय आमच्यात. ह्ये कसं काय, सांगा तुम्हीच."

"कोण आणतं?"

"शाळेतला मास्तर. गाडी घिऊन येतो, घरांच्या मागल्या अंगानं गाठोडी देतो आन् जातो. सामनेवाल्या पार्टीची घरं हायती ती. मी सोत्ता बगितलंय."

नदीकाठच्या एका बुडालेल्या गावात जुन्या मिशनची शाळा उंचवट्यावर होती. तिथे छावणी होती आणि शाळेचे मास्तर छावणीप्रमुख होते. पन्नाशीचे, बारीक चणीचे ख्रिस्ती गृहस्थ. त्यांची संध्याकाळची चिठ्ठी कधी चुकली नव्हती, अक्षर मोत्यासारखं. मला खबर ऐकून धक्काच बसला. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि आमच्या हवालदारांना माळाच्या वाटेवर बसवलं.

दुपारी ते गाडी, बैल आणि मास्तर यांना घेऊन परत आले. गाडीत बारा गाठोडी होती. पंचांसमोर सोडली. प्रत्येकात चार दिवस एका माणसाला पुरेल एवढं ज्वारीचं पीठ, मिठाची पुडी, चार मिरच्या आणि एक काड्यापेटी.

ती काड्यापेटी पाहून मी चक्रावलो. चोरीचा माल मी खूप पाहिला होता. चोर पोतंच्या पोतं उचलतो. दाणे दळून, सारखे वाटे करून, वर मीठ-मिरची बांधणारा चोर माझ्या पाहण्यात नव्हता. आमचे हवालदार त्याच भागातले, निवृत्तीला आलेले. ते गाठोडं हातात तोलत म्हणाले, "सायेब, ह्ये इकायला न्हाई चाललं. ह्ये कुणाच्यातरी चुलीला चाललंय."

"पण त्या गावात प्रत्येकाच्या घरात चूल आहे. कणग्या भरलेल्या आहेत."

"त्येच म्हन्तो मी," हवालदार म्हणाले आणि त्यांनी गाठोडं पुन्हा बांधलं.

मास्तरांना समोर बसवलं. चहा दिला, त्यांनी घेतला नाही.

"मास्तर, ही गाठोडी कुणाची?"

"खाणाऱ्यांची."

"त्यांची नावं सांगा."

"ती नाही सांगता येणार, साहेब. शब्द दिला आहे."

"छावणीत माणसं किती?"

"चिठ्ठीत लिहिली आहेत तेवढी."

"शिपायाने आज मोजली. बारा कमी भरली."

मास्तर खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "साहेब, खोटा आकडा मी दिला, तसा जबाब लिहून घ्या, सही करतो. मला ठेवा. पण गाठोडी आजच्या आज जाऊ द्या. मागचा शिधा काल संपला. ही पोचली नाहीत तर माणसं उपाशी राहतील."

"भरल्या गावात उपाशी? कोण?"

त्यावर पुन्हा तेच, शब्द दिला आहे.

आरोपी स्वतःसाठी गयावया करतो, रडतो, वशिला सांगतो. हा माणूस पिठासाठी विनवत होता. मला त्याचं कोडं पडलं होतं, हे खरं. पण कायद्याच्या दृष्टीने सगळं स्वच्छ होतं: सरकारी धान्याची अफरातफर, खोटी नोंद, तोंडी कबुली. मी गाठोडी मुद्देमाल म्हणून कोठीत ठेवून कुलूप लावलं आणि मास्तरांना ताब्यात घेतलं. दुसरा दिवस कासुर्डीकडून येणारे ट्रक चिखलात अडकल्यामुळे तिकडेच गेला. संध्याकाळी परत आलो तर मास्तरांनी ठाणे अंमलदाराला तीनदा विचारलं होतं, गाठोडी गेली का म्हणून. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. राग मास्तरांचा येत होता, की हा शहाणा माणूस एक वाक्य बोलून मोकळा का होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मी हवालदारांना घेऊन माळावरच्या गावात गेलो. चेअरमन खुशीत होते. त्यांनी गाठोडी उतरली ती घरं दाखवली. मी घरात शिरलो नाही, मागच्या अंगाने गेलो. पहिल्या घराच्या गोठ्यात कोपऱ्यात तीन दगड मांडलेले, मध्ये राख. हात लावला, गार. दुसऱ्या घराच्या गोठ्यातही तीन दगड. तिसऱ्या ठिकाणी दगड होते आणि शिवाय पन्हाळीखाली मातीचं मडकं ठेवून पावसाचं पाणी धरलं होतं. दहा पावलांवर त्याच घराची विहीर होती.

"बाई, ही चूल कुणाची?" मी विचारलं. तिथल्या बाईने पदर ओढून घेतला आणि ती आत गेली. पुढच्या घरीही तसंच. बायका बोलेनात आणि पुरुषांना काही ठाऊक नव्हतं.

शेवटी मी सहज म्हणालो, "चेअरमन, तुमचा गोठा कुठे आहे?"

"आमच्यात काय घावणार सायेब? बगा की, चला."

त्यांचा गोठा मोठा, दहा जनावरांचा. कोपऱ्यात तीन दगड होते. चेअरमन जागीच थबकले. दगडांपलीकडे एका थकलेल्या बैलाशेजारी पोतं अंथरून एक म्हातारे गृहस्थ पडले होते. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. माझी वर्दी पाहून उठायला गेले आणि उठता आलं नाही.

"ह्ये माझं सासरं," चेअरमन म्हणाले. "त्यांच्या गावात पानी घुसलं, तवा आमी आनलं. बैल सोडून घरात येत न्हाईत. हितंच बसत्यात."

"जेवतात कुठे?"

"लवकर जेवत्यात. माझ्या आदी." असं म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती.

बाई पुढे आल्या आणि बोलल्या. "लेकीच्या घरचं आबा खात न्हाईत. जनमात खाल्लं न्हाई, पानीसुदीक घेत न्हाईत. मी पाया पडले, त्यांनी ऐकलं न्हाई. मग मास्तर पीठ देऊन जायला लागलं. सरकारचं हाय म्हनल्यावर आबा हितं चूल मांडून खायचं. आमी बायकांनी मास्तरांचा सबूद घेतला व्हता, कुनी बोलायचं न्हाई म्हनून. आईबाप लेकीच्या दारात उपाशी हायती, असं गावात झालं तर घरच्या मानसांची मान खाली जाती." त्यांनी कोपऱ्यातल्या गार दगडांकडे बोट दाखवलं. "दोन दिस झालं, मास्तरच आलं न्हाईत."

मास्तर माझ्या कोठडीत होते.

मला माझे वडील आठवले. बहिणीच्या सासरी जाताना ते आईकडून फडक्यात भाकरी बांधून घेत आणि गावाच्या शिवेबाहेर बसून खात. ते फडकं मी स्वतः कित्येकदा धरलं होतं. म्हणजे लागणारी सगळी माहिती माझ्याच घरात होती. फळ्यावर मी गावांची, रस्त्यांची, छावण्यांची नावं लिहिली. पूर आला की माणूस छावणीकडे नाही, सोयऱ्यांकडे जातो, आणि लेकीकडे गेलेला म्हातारा भरल्या कणगीशेजारी उपाशी राहतो, याला त्या फळ्यावर जागाच नव्हती. मला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

गाठोडी सात मैलांवर कुलपात. मी जीपमधून माझा डबा आणला. "आबा, ही भाकरी माझ्या घरची आहे."

म्हाताऱ्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचं गाव कंचं?"

मी सांगितलं. साताऱ्याकडचं, नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

"तिकडं आमची लेक दिल्याली न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "आन् पानी?"

हवालदार धावत जाऊन पन्हाळीखालचं मडकं घेऊन आले. आबांनी भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून तोंडात घातला. हवालदार तोंड फिरवून बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चेअरमन जमिनीवर बसले होते. सकाळचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कळेना. "सायेब, मीच आलो की वो तुमच्याकडं सांगायला," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग एकदम उठले, स्वतःच्या गाडीला बैल जुंपले आणि पावसात ठाण्याकडे निघाले. मी जीपने पुढे गेलो, कोठी उघडली. चेअरमननी बाराही गाठोडी स्वतः उचलून गाडीत भरली. ज्यांना ते सामनेवाली पार्टी म्हणत होते, त्यांच्या गोठ्यांतसुद्धा दुपार कलेपर्यंत त्यांनीच ती पोचवली. सोबत हवालदार होते.

मी मास्तरांची कोठडी उघडली. त्यांना खुर्ची दिली आणि उभा राहून त्यांची माफी मागितली. वर्दीत असताना मी कुणाची मागितलेली ती पहिली माफी. मग विचारलं, "मामलेदारांना आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, ज्यांना धान्य हवं त्यांनी छावणीत यावं, नियम सगळ्यांना एकच. म्हाताऱ्यांना म्हणालो, चला छावणीत. ते म्हणाले, जावई न्यायला आला असताना छावणीत राहिलो तर जावयाचं नाक कापल्यासारखं होईल. लेकीच्या घरी राहायचंही आणि खायचं मात्र नाही. साहेब, आमच्यात आता हे मानत नाहीत, मी त्यांच्याशी भांडलोसुद्धा. पण मन वळायला वर्षं लागतात, पोट तेवढं थांबत नाही. म्हणून दळून, बांधून द्यायला लागलो."

"आणि नावं? चेअरमनच तुमच्यावर उलटला होता, तरी त्याचं नाव घेतलं नाहीत."

"त्याची लाज त्याच्या बायकोने झाकली होती. मी कशी उघडी करणार?"

संध्याकाळी हवालदार परत आले. मास्तर गेले नव्हते, बाकावर थांबून होते. त्यांनी उठून एकच विचारलं, "चुली किती पेटल्या?"

"अकरा," हवालदार म्हणाले.

बाराव्या घरी एक एकटी म्हातारी होती. गाडी पोचायच्या आधीच ती गेली होती. दोन दिवस ताप होता, असं घरचे म्हणत होते. डॉक्टरांनीही दाखल्यावर ताप लिहिला. मास्तरांनी टोपी काढून हातात धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल मी पाठवला. मामलेदारांशी कडक शब्दांत बोललो. तेही माणूस चांगले. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून छावणीबाहेरच्या पूरग्रस्तांना शिधा सुरू केला आणि तो पोचवायचं काम मास्तरांकडेच दिलं.

पुढे मी पूर पाहिले, आगी पाहिल्या, एक मोठा दुष्काळ पाहिला. प्रत्येक वेळी माझ्या हाताखाली पोरं फोन, नकाशे, याद्या घेऊन तयार असत आणि ते सगळं लागतंच. पण मी पहिल्या दिवशी म्हाताऱ्या माणसांत जाऊन बसत असे आणि विचारत असे, "आबा, लेकी कुठं दिल्यात?" नवे अधिकारी हसायचे, साहेब सोयरीक जमवायला निघाले म्हणायचे. म्हातारी माणसं हसत नसत. त्यांतला कुणीतरी जरा वेळाने गावाचं नाव सांगे, हळू आवाजात, आणि पहिली गाडी मी तिकडे धाडत असे.