नऊ वेळा नवीन

आमच्या कंपनीत ताईंचं स्वागत नऊ वेळा झालं. चेष्टा करत नाही. नऊ वेळा त्यांना मंचावर बोलावलं, नऊ वेळा फुलांचा गुच्छ दिला, टाळ्या वाजवल्या आणि छातीवर तो हिरवा बिल्ला लावला: ‘मी नवीन आहे. मला सांभाळून घ्या.’ हा बिल्ला आठवडाभर मिरवावा लागतो. नवव्या खेपेला तो लावून ताई वासाच्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलेले आम्ही चौघं तिथे बसलो होतो. आणि त्या चौघांतला एक, म्हणजे मी, त्यांचा साहेब होतो.

आम्ही साबण, शाम्पू, केसांचं तेल, कपड्यांची पावडर असलं सगळं बनवतो. माल बाहेर जाण्याआधी त्याचा वास घ्यावा लागतो. यंत्रं आहेत, पण साबणातलं तेल खवट व्हायला लागलंय हे यंत्राला कळेपर्यंत माल दुकानात पोचलेला असतो. म्हणून ही खोली. पांढऱ्या भिंती, खिडकी नाही, एक लांब टेबल आणि झाकणाच्या काचेच्या बरण्या. दारावर एका ओळीचा कागद: ‘या खोलीत अत्तर लावून येऊ नये.’ खाली माझी सही.

ताईंचं नाक काय होतं हे मी सांगून पटणार नाही. एकदा त्या बरण्यांवरून उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, कुठंतरी रबर जळतंय." आम्हाला कुणाला कसलाच वास येत नव्हता. त्या जिना उतरून, अंगण ओलांडून, थेट पॅकिंग विभागात गेल्या आणि तिसऱ्या यंत्राकडे बोट दाखवलं. झाकण काढलं तर आतला पट्टा काळा पडलेला. आणखी थोडा उशीर झाला असता तर शेजारी रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनी पेट घेतला असता. त्याबद्दल पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र मिळालं, ते पॅकिंग विभागाला. सांघिक दक्षतेबद्दल.

एवढी बाई कायम का नव्हती, असं कुणीही विचारेल. तर आमच्याकडे अशी रीत आहे. वर्ष भरलं की माणूस कायम नोकरी मागू शकतो, म्हणून वर्ष भरूच द्यायचं नाही. अकरा महिन्यांनी करार संपवायचा, महिनाभर घरी बसवायचं. त्या महिन्याला कागदोपत्री ‘विश्रांती’ म्हणतात. मग नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, नव्यानं गुच्छ. अर्जात ‘या कंपनीतला पूर्वीचा अनुभव’ असा रकाना असतो, तिथे ‘नाही’ लिहायचं. ‘आहे’ लिहिलं तर अर्ज परत येतो. ताईंनी नऊ वेळा ‘नाही’ लिहिलं. आणि दर विश्रांतीत आमची तारांबळ उडायची, तेव्हा मीच त्यांच्या घरी फोन करून विचारायचो, "ताई, शेवाळाचा वास येतोय असं वाटलं तर कशात बघू?" त्या फोनवरून सांगायच्या. विश्रांती घेत घेत.

आणि वर हे सगळं एक कुटुंब. फाटकावर, जेवणाच्या हॉलमध्ये, संडासाच्या दारावरसुद्धा लिहिलंय: ‘आपण सारे एक कुटुंब.’ कुठल्या कुटुंबात घरच्या बाईला दर अकरा महिन्यांनी उंबऱ्याबाहेर काढून पुन्हा ओवाळून आत घेतात, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे कुटुंब चालवायचे ते भरती विभागाचे साहेब. आम्ही त्यांना हसरे साहेब म्हणायचो, कारण माणसाला कामावरून काढतानाही त्यांचं हसू हलायचं नाही. नाकानं कांदे सोलावेत ते त्यांनी. ‘आपला माल आपणच वापरायचा, हीच खरी आपुलकी’ हे त्यांचं ब्रीद. कंपनीनं नवं अत्तर काढलं तेव्हापासून ते सकाळी त्यात आंघोळ केल्यासारखे यायचे. लिफ्टमधून ते उतरून गेले तरी पुढच्या दोन खेपा अत्तर एकटं वरखाली करायचं.

ताई चव्वेचाळीस वर्षांच्या झाल्या त्या वर्षी वासाच्या खोलीत एक कायम जागा निघाली. पहिली आणि, ताईंच्या दृष्टीनं, शेवटची. कारण पंचेचाळिसानंतर कायम घेत नाहीत आणि त्यांना पंचेचाळीस व्हायला दोन महिने उरले होते. जागा त्यांचीच, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. मी तर छातीठोकपणे म्हणत होतो.

अर्ज घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, इथं विचारलंय, ‘आमच्या कुटुंबात तुम्हाला का यायचं आहे?’ नऊ वर्षं घरातच आहे. आता घरात का यायचंय म्हणून काय लिहू?"

"लिहा, चहा चांगला मिळतो."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पोरगी काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आई, माझ्या शाळेत पोरं पहिलीत एकदाच बसतात. तू किती वेळा बसणार? आता पुन्हा नवीन होऊ नकोस."

"नाही होणार," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो, ते विसरायची मला सोय नाही.

परीक्षा वासाच्या खोलीतच ठेवली. परीक्षक तिघे: कारखान्याचे मोठे साहेब, हसरे साहेब आणि तांत्रिक माणूस म्हणून मी. परीक्षा साधी. तीन बरण्या. दोन बरण्यांत एकच साबण, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. बरण्या मीच भरल्या होत्या. वेगळा साबण पहिल्या बरणीत होता आणि हे फक्त मला माहीत होतं. ताईंना हे म्हणजे डाव्या हातचा मळ.

हसरे साहेब अत्तर लावून आले.

दाराशी क्षणभर थांबले, दारावरचा कागद त्यांच्या नाकासमोर होता, आणि आत आले. बिनखिडकीची खोली. पाच मिनिटांत टेबल, खुर्च्या, बरण्यांची झाकणं, सगळं त्यांचंच झालं. माझ्या लक्षात आलं. लक्षात न यायला मी काही लाकडाचा नव्हतो.

आधी आली ती मोठ्या साहेबांची भाची. नुकतीच कॉलेजातून निघालेली, घाबरलेली, वाईट मुलगी नव्हे. तिनं तिन्ही बरण्या पटापट हुंगल्या आणि म्हणाली, "मधली."

चूक.

"वा!" हसरे साहेब म्हणाले. "किती आत्मविश्वास!"

मग ताई आल्या. पहिली बरणी उघडली, नाकाशी धरली, ठेवली. दुसरी उचललीच नाही. मनगटाशी नाक नेऊन स्वतःच्या कातडीचा वास घेतला. नाक धुवून काढायचं असलं की त्या तसं करतात. पुन्हा पहिली उघडली. मग झाकण लावून हात मांडीवर ठेवले.

"साहेब, एक विनंती आहे. दार उघडून दहा मिनिटं पंखा लावू या. आणि तुम्ही तेवढा वेळ बाहेर थांबलात तर बरं होईल. तुमच्या अत्तरापुढं बरणीतलं काही कळत नाहीये."

हसऱ्या साहेबांचं हसू होतं तिथेच होतं. "ताई, हे आपल्याच कंपनीचं अत्तर आहे."

"हो साहेब. चांगलं आहे. मीच पास केलंय."

"मग त्याचा तुम्हाला त्रास होतो?"

"त्रास नाही हो. पण इथं लावून येत नाहीत." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नियम माझा होता. सही माझी होती. कागद दारावर, माझ्यापासून चार हातांवर. मला एवढंच म्हणायचं होतं की त्या बरोबर बोलताहेत. बढती अडली होती का? नाही. नोकरी जाणार होती का? तेही नाही. अठरा वर्षं बैठकांत बसून मला एक सवय लागली होती: मोठी माणसं बोलत असताना समोरच्या कागदाकडे पाहायचं. मी कागदाकडे पाहिलं. कागद कोरा होता.

"वेळ जातोय," मोठे साहेब म्हणाले. "अंदाजानं सांगा."

"अंदाजानं नाही सांगता येत, साहेब," ताई म्हणाल्या. "अंदाजानं सांगितलं तर माल बाहेर जातो."

त्या नमस्कार करून गेल्या. नाकासमोर चालणारी बाई, तशीच चालत गेली.

हसऱ्या साहेबांनी गुणांचा तक्ता पुढे ओढला. भाचीचं उत्तर चुकलं होतं, हे मी सांगितलं. हो, तेवढं सांगितलं. तेवढा शूर मी आहे. ते म्हणाले, "उत्तर शिकवता येतं. वृत्ती शिकवता येत नाही." ताईंच्या नावापुढे त्यांनी लिहिलं: ‘उत्तर दिले नाही. उत्पादनाविषयी आपुलकी कमी. वरिष्ठांना बाहेर जाण्यास सांगितले.’ तीनपैकी दोन वाक्यं खरी होती. खाली तीन सह्या लागतात. तिसरी मी केली.

ताई त्यानंतर मला काही बोलल्या नाहीत. करार संपेपर्यंत आठ दिवस होते. ते आठ दिवस त्यांनी, ती जागा मिळालेल्या भाचीला शिकवण्यात घातले. मनगट कसं हुंगायचं, साबण बोटानं कसा घासायचा. आठ दिवसांत नऊ वर्षं काय शिकवणार? शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करताना त्यांनी नऊ हिरवे बिल्ले काढले, माझ्या टेबलावर ठेवले आणि गेल्या.

तीन महिन्यांनी लहान मुलांच्या साबणाची खोकीच्या खोकी दुकानांतून परत यायला लागली. बायका म्हणत होत्या, याला जुन्या तेलाचा वास येतो, बाळाला कसा लावू? भाचीनं माल पास केला होता. मी दुसऱ्यांदा हुंगून पास केला होता. ती माझ्यासमोर बसून रडली. तिला काय सांगणार? तिचा दोष एवढाच की तिला विचारलं आणि ती हो म्हणाली.

गोदामात त्याच साबणाचे आणखी चाळीस घाणे पडून होते. त्यातले कुठले खवट आणि कुठले चांगले, हे सांगणारं माणूस आमच्याकडे नव्हतं. हसरे साहेब म्हणाले, "ताईंना बोलावून घेऊ. तुमचं त्यांच्याशी चांगलं आहे." मी त्यांच्याच गाडीतून गेलो. ते कोपऱ्यावर थांबले, मी एक बरणी आणि एक पाकीट घेऊन तीन जिने चढलो.

दार ताईंनीच उघडलं. मागे खोलीत त्यांची मुलगी वह्या पसरून बसली होती, दोरीवर कपडे वाळत होते. मी तोंड उघडायच्या आत त्या थबकल्या, आणि अर्धं पाऊल मागे सरकल्या.

"हसरे साहेब खाली थांबलेत का?" त्यांनी विचारलं.

माझ्या शर्टाला त्या अत्तराचा वास येत होता. मला स्वतःला येत नव्हता. मी मान हलवली आणि बरणी पुढे केली.

"उघडायला कशाला हवी? खवट असणार, म्हणून तर आलात." त्यांनी पाकीट मात्र घेतलं, फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मोठ्यानं वाचलं, मुलीला ऐकू जाईल असं. "‘आमच्या कुटुंबात नवीन सदस्य म्हणून आपले स्वागत करताना आनंद होत आहे. कालावधी अकरा महिने.’"

मुलीनं वहीतून वर पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"ताई, या वेळी मी स्वतः वर सांगतो," मी म्हणालो. "वयाची अट शिथिल करायला लावतो. मी बोलतो."

"तो दारावरचा कागद आहे अजून, साहेब?"

नऊ वर्षांत एकदाही त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं.

"आहे."

"तुमच्या सहीचा?"

"हो."

"मग तो वाचून दाखवायचा होता त्या दिवशी. एक ओळ तर होती." पत्र घडी करून त्यांनी पाकिटात घातलं, पाकीट माझ्या हातातल्या बरणीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही. नीट लावलं.

मी खाली आलो. गाडीत बसलो तर सगळीकडे तेच अत्तर. हसऱ्या साहेबांनी गाडी सुरू केली आणि हसत विचारलं, "काय म्हणाल्या?"

"या खोलीत अत्तर लावून येऊ नये," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो.