वाट्यावरची जमनी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोळगावला ऑफिसात होते. रजेच्या अर्जात लिहिलं, ‘माझी मावशी यमुना हिचे निधन झाल्यामुळे...’ शेजारच्या टेबलावरच्या राऊतबाईंनी अर्ज वाचला आणि हळहळल्या. “यमुना? कधी बोलली नाहीस गं यांच्याबद्दल.” मी मान खाली घातली. राऊतबाई मावशीचं नाव दिवसातून एकदा तरी घेतच होत्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं, मला होतं.

यमुना हे नाव फक्त रेशनकार्डावर. आमच्या मुरबे गावात ती जमना, आणि बोईसरच्या मासळी बाजारात जमनी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण रोज सकाळी बोईसरपर्यंत मी जायचे ती मावशीच्या टेम्पोत, तिच्या टोपल्यांना टेकून. “सरक गो जरा, तुज्या पदवीला वास येल,” असं म्हणून ती स्वतःच खदखदून हसायची. बाजारात उतरली की लाकडी पाट मांडायची, त्यावर बसायची आणि मासळीचे वाटे लावायची. तिची एक रीत होती. भाव ठरला, वाटा पिशवीत गेला, गिऱ्हाईक वळलं, की ती हाक मारून थांबवायची आणि वर आणखी एक मासा टाकायची. हाताला लागेल तो नव्हे, निवडून. कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायची आणि मग टाकायची. मी एकदा म्हटलं, “मावशी, फुकटचाच द्यायचा तर मऊ पडलेला दे ना.” तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी नापासच झाले. “वर टाकायचा तो ताजाच टाकायचा गो. गिराईक घरी जाऊन पयला तोच कापतं.”

कारखान्यांत कामाला आलेली देशावरची कुटुंबं तिच्याकडे यायची. कित्येकांना मासळी कशी पारखायची तेही तिनंच शिकवलं. तीच माणसं दुसऱ्या कोळणीकडे गेली की म्हणायची, “त्या जमनीसारखा एक टाका की वर.” पुढे नुसतं, “जमनी टाका.” म्हणता म्हणता वरच्या माशाचंच नाव जमनी झालं. मावशीला त्याची कोण मजा! “मी हितं येका जागी बसलेय, नि माजं नाव बग सगल्या बाजारात फिरतंय.”

मी बी.ए. मराठी. भगीरथाचा प्रयत्न आणि कुंभकर्णाची झोप मी परीक्षेत सोडवली आहे. माणसाच्या नावाचा शब्द होतो आणि तो आपल्या वाटेनं जातो, हे मला मार्कांपुरतं माहीत होतं. पण कुंभकर्णाला बोईसरच्या बाजारात बसून ते ऐकावं लागलं नाही.

मासळी कमी होत गेली. वरचा एक मागायची सवय मात्र तशीच राहिली. मग कोळणी वर टाकायला पोट फुटलेला, मऊ पडलेला मासा बाजूला ठेवू लागल्या. त्यांना तरी काय बोलणार? पण जमनी म्हणजे आता तसला मासा. “जमनी नको, ताजं दे,” असं गिऱ्हाईक मावशीच्या समोर बसून मावशीलाच म्हणायचं. ती नुसता कल्ला उचलून दाखवायची. शब्द मात्र बाजारात थांबला नाही. आमच्या ऑफिसातही पोचला. शिक्का पुसट उठला, रकाना चुकला, की राऊतबाई म्हणायच्या, “काय हे जमनी काम!” सगळे हसायचे... मीही हसायचे. कोळणीची भाची म्हणवून घ्यायची मला लाज नव्हती. त्या शब्दाची होती.

गेल्या वर्षी मुरब्याला तिच्या ओट्यावर बसले होते. ऑफिसातून फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, सगळंच जमनी काम करून ठेवलंय त्यांनी.” समोर मावशी बोंबील साफ करत होती. तिचा हात थांबला नाही. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, “तुमच्यात पन म्हंतात?”

“आता तो शब्दच झालाय गं मावशी.”

“शब्द झालाय?” तिनं कोयता खाली ठेवला. “मंग मी कोन?”

कोयता परत उचलत तीच म्हणाली, “तू शिकलेली हायेस. कुनी बोललं तर सांगत जा, जमनी कोन व्हती ती.” मी हो म्हटलं. त्यानंतर राऊतबाई किती वेळा ते बोलल्या असतील! मी एकदाही सांगितलं नाही. रजेच्या अर्जाच्या दिवशी तर त्यांनी स्वतःहून विचारलं होतं... तेव्हाही नाही. राऊतबाई हे वाचतील. दोष तुमचा नाही बाई. तुम्हाला सांगणारी माझ्याशिवाय कोणी नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर दोन आठवड्यांनी बोईसरच्या बाजारात गेले. मावशीच्या सुनेनं ती जागा एका तरुण कोळणीला दिली आहे. पाटही तिलाच दिला. कडेला कोयत्याच्या खाचा पडलेला, मधोमध झिजून खोलगट झालेला तोच पाट. मी बोय माशांचा एक वाटा घेतला. तिनं बाजूच्या ढिगातली एक बोय वर टाकली. “घ्या ताई, जमनी.”

मी कल्ला उचलला. काळपट होता.

“जमनी माझी मावशी,” मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला. “तुम्ही बसलाय ना, त्याच पाटावर बसायची.”

ती पाटाकडे बघत राहिली. “म्हंजे... बाई व्हती ती?”

“बाई होती. वर टाकायची तो ताजाच टाकायची.”

तिनं टोपलीत नजर टाकली. तळ दिसत होता. “ताई, ताजा वर टाकला तर मंग इकू काय?” रागानं नाही, खरंच विचारत होती.

मी वाट्याचे पैसे दिले. ती मऊ बोय मी परत केली नाही. घरी आणली आणि वाट्यातली पहिली तीच कापली.