विनीने मागेपुढे शिवलेलं पान

विनिफ्रेड पार्जेटरच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि तिच्यावर तीन-चार विद्वानांची जन्माची सोय लागली. हे मी रागाने लिहितोय. तिच्या शेजारच्या बाकावर मी सत्तावीस वर्षं पुस्तकं शिवली आहेत.

ऑक्सफर्डच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयामागे आमची बांधणीची खोली. मी तिथे लागलो त्याच्या दोन वर्षं आधी, १९३४ साली, 'लुक्काची विधवा' नावाचं नाटक विनीकडे आलं होतं. सव्वातीनशे वर्षांपूर्वीची शोकांतिका, लिहिणाऱ्याचं नाव नाही, जगात एकच प्रत, तीही किडीने खाल्लेली. विनीने पानं सुटी करून धुतली, दोरीवर वाळवली, भोकं जुन्या कागदाने बुजवली. त्या काळच्या छापील पुस्तकात प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द असे, त्यावरून क्रम कळे. आमच्या फोरमनला कडा सरळ हव्या होत्या. त्याच्या हट्टापायी त्या तळच्या ओळी शिवण्याआधीच छाटणीत गेल्या, आणि विनीच्या हातून आधीचं एक पान नंतर शिवलं गेलं.

हे तिला कळलं एकोणीस वर्षांनी. प्रोफेसर लव्हिबंड यांनी नाटकाची नवी आवृत्ती काढली होती, ती विनी डबा खाताना वाचत होती. चौथ्या अंकात विधवा विष पिऊन मरते. आणि दोन पानांनी दासीकडे भाजलेलं सफरचंद मागते.

"नेड," ती म्हणाली, "हे पान आधीचं आहे. त्याला वाटाण्याएवढं भोक होतं. कीड पहिल्या पानाकडच्या पुठ्ठ्यातून आत शिरली होती, भोक पानागणिक लहान होत गेलं होतं. मरणाच्या पानावर टाचणीएवढंच होतं. मी बुजवलंय, मला आठवतंय."

तोवर विद्वानांची जुंपली होती. लव्हिबंड म्हणत, मेलेली बाई बोलते हीच नाटककाराची प्रतिभा. डॉक्टर प्रिडो म्हणत, नाटक दोघांनी लिहिलं आणि दुसऱ्याने पहिल्याचं वाचलंच नाही. तिसऱ्या एकाने बाई मेलीच नव्हती असा ग्रंथ लिहिला. विनी टोपी घालून लव्हिबंडांकडे गेली. मी सोबतीला होतो.

"मिस पार्जेटर, म्हणजे माझं बारा वर्षांचं काम तुमच्या सरसाच्या भांड्यात बुडवू म्हणता?"

"पान उजेडासमोर धरून बघा सर. ठिगळ दिसेल."

"ते पुस्तक हाताळायचं तर समितीची परवानगी लागते."

"समितीवर कोण असतं?"

"मी असतो," लव्हिबंड म्हणाले, आणि आमच्यासाठी दार उघडून धरलं.

प्रिडोंकडे गेली तर ते म्हणाले, "मग माझ्या दुसऱ्या लेखकाने जायचं कुठे?" पत्रं लिहून झाली. पालथ्या घड्यावर पाणी. एका जाड पुस्तकात तळटीप आली, की एका बांधणीवाल्या बाईंचा असा काही दावा आहे, पुरावा नाही. नावसुद्धा दिलं नव्हतं.

"अगं, सोड ना आता," मी एकदा वैतागून म्हणालो. "नाटकातली बाई ती. कधी खरी होती का?"

"तिने ते सफरचंद जिवंतपणी मागितलं होतं, नेड. मी तिला मेल्यावर मागायला लावलं. लोक तिला भूत म्हणतात." एवढं बोलून ती रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

१९७१ साली लव्हिबंड वारले आणि ग्रंथालयावर मिस हॅलम नावाची नवी बाई आली. तिने विनीच्या एकाच पत्रावर परवानगी दिली. विनी त्र्याहत्तर वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी तिला हात धरून नेलं. मिस हॅलमने पुस्तक खिडकीशी उभं धरलं, ते पान अलगद वेगळं धरलं आणि भिंग लावलं.

"खाली, उजव्या कोपऱ्यात," विनी म्हणाली.

मिस हॅलमने बराच वेळ पाहिलं. "इथे कागद अखंड आहे, मिस पार्जेटर."

"नीट बघा हो. वाटाण्याएवढं."

मग मी पाहिलं. ठिगळाची कड ती इतकी पातळ खरवडायची की उजेडातही सांधा दिसू नये, ही तिची फुशारकी मी सत्तावीस वर्षं ऐकली होती. ती थाप नव्हती. मरणाचं पानही पाहिलं, तेही तसंच स्वच्छ. जन्मभर हेच काम करूनही मला काही सापडेना.

"इतकी सुरेख बांधणी मी कुठे पाहिली नाही," मिस हॅलम म्हणाली. बिचारीने मनापासून म्हटलं.

विनीने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. बोटंही बधिर झाली होती तिची. मग माझी बाही धरून म्हणाली, "नेड, तू तरी सांग ना त्यांना. तुला दिसलं म्हणून."

मला दिसलं नव्हतं, आणि तिच्यासाठी एवढं एक खोटं बोलणंही मला जमलं नाही.