वीज परतल्यावरचा पहिला क्षण

आठवीतच शाळा सुटलेला मी, रेडिओ दुरुस्तीच्या जोरावर कोकणातून मराठवाड्यात, जिंतूरच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, येऊन पडलो होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. तिथल्या मिस्त्रीकाकांनी सर्टिफिकेट न विचारता काम दिलं, राहायला खोलीही दिली. त्यांच्या भरवशाला आपण उतरू का, ही धाकधूक मला कायम असायची.

कापूस ओढून सरकी वेगळी करणाऱ्या रोलरची मोटार चालू-बंद करायला मी मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे प्रोग्राम भरलेल्या चिपचं, पॅनेल बनवलं. चिपच्या आत आठ खणांचं रजिस्टर असतं. खणात एक लिहिला की त्या खणाच्या पिनेवर, म्हणजे चिपच्या पायावर, वीज येते, शून्य लिहिलं की जाते. एक म्हणजे मोटार चालू, असं मी धरलं आणि प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत सगळीकडे शून्य लिहिलं. वाटलं, झालं.

पॅनेल बसवून दोन दिवस झाले होते. खोलीत मी तसंच दुसरं तपासत होतो, मोटारीच्या जागी बल्ब लावून. स्विच टाकला की बल्ब क्षणभर पेटायचा आणि विझायचा. पुन्हा पुन्हा तेच. माझी पहिली ओळ चालायच्या आधी चिप स्वतःच सगळ्या पिनांवर एक ठेवत होती. चिपच्या इंग्रजी पुस्तकातलं ते वाक्य मी डिक्शनरी घेऊन वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. लाइट गेली की बायका रोलरमध्ये अडकलेला कापूस हातानं काढायच्या. आधी जुना स्टार्टर दाबल्याशिवाय रोलर सुरू व्हायचा नाही, त्यामुळे कुणालाच भीती नव्हती.

मी रोलरकडे पळालो; एका मावशीचा हात आतच होता. “मावशी, हात काढा!”

“काय वरडायलास भाऊ? साप हाय का आत?”

“कोकणात लाइट जात न्हाई वाटतं,” दुसरी हसली.

मी मावशीचं मनगट धरून ओढलं. तिनं शिवी हासडली. काका आले. मी सांगितलं, “काका, चूक माझी आहे. लाइट आली की हे आपोआप फिरेल.”

काकांनी सगळ्यांना मागं सारलं. थोड्या वेळानं लाइट आली. रोलर हिसका देऊन पाव फेरा फिरला आणि थांबला. कुणी हसलं नाही.

“उलटं करता येतं का?” चिप सुरुवातीला एक ठेवते हे ऐकून काकांनी विचारलं.

दोन दिवस लागले. शून्य म्हणजे चालू, एक म्हणजे बंद, असं वायरिंग आणि प्रोग्राम दोन्ही फिरवले. काकांनी मेन स्विच कितीदा तरी पाडला, चढवला. रोलर हलला नाही.

“आता घालू का हात?” मावशीनं विचारलं.

मला हो म्हणवेना. “मेन स्विच पाडल्याशिवाय नको, मावशी.”

“स्विच पाडून कुलूप लाव,” म्हणत काकांनी स्विचच्या पेटीची किल्ली काढली आणि तिच्याकडे दिली.