पाठ करून बसलेला पत्रा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाय. चाळीस वर्षं महाडात ट्रक रंगवले. मागच्या फळीवर लिंबू-मिरची काढायचे पैसे घेतले, पण स्वतःच्या सायकलला कधी बांधली नाय. शिक्षण चौथी. पेंटर असल्यामुळं अक्षर मात्र छापील हाय, संपादकांना वाचायला त्रास पडणार नाय.

घडलं ते दोन हजार सालच्या आसपास, नाताळच्या आधीच्या आठवड्यात. जागा — पोलादपूरच्या पुढं, घाट चढायच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत एक दगडी चर्च हाय. इंग्रजांच्या वेळचं. आमच्याकडं त्याला ‘साहेबाचं देऊळ’ म्हणतात.

त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर माझी बायको गेली. सुभद्रा. बाराव्याला आमची एकुलती मुलगी वंदना सगळ्या पाव्हण्यांसमोर म्हणाली, “बाबा, आई तीस वर्षं शेतात एकटी राबली. तुम्ही कधी बांधापर्यंत तरी आलात? तुम्हाला ती माहीतच नाय.” मुंबईला सासरी गेली ती बोलेनाशी झाली. मी फोन केला की जावई घ्यायचा, आणि बिचारा हवापाण्यावर बोलायचा.

मला बोलून काय जमत नाय. मी ब्रश घेतला. पत्र्याचे अकरा तुकडे कापले आणि ट्रकच्या रंगानं अकरा वेळा सुभद्राच काढली. चुलीपुढं, जात्यावर, शेतात भाताची लावणी करताना, दारात भांडताना... भांडताना दोन.

बिरवाडीला खोली घेऊन राहणारा, एमआयडीसीत शिफ्ट करणारा डिसोजा त्या चर्चची देखभाल बघायचा. दाराला रंग द्यायला मला त्यानं बोलावलं होतं. त्यानं पत्रे बघितले आणि म्हणाला, काका, चर्चमध्ये चार दिवस एक्झिबिशन लावू. फादरनी परवानगी दिली, अट एकच — भिंतीला खिळा नाय. मग मी वरच्या वाशांवरून तारा सोडल्या, पत्र्यांच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत ओवल्या आणि पक्कड लावून पिळल्या. जावयाला निरोप दिला : वंदनाला घेऊन ये.

पहिल्या दिवशी गर्दी चांगली. लोक चपला बाहेर काढून आले. दोन म्हाताऱ्यांनी चुलीच्या चित्राला फूल वाहिलं आणि तीर्थ मागितलं. महाडचा एक ओळखीचा ट्रकवाला मन लावून बघून म्हणाला, चाचा, सब अच्छा है, खाली हॉर्न प्लीज राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर लावणीचा पत्रा भिंतीकडं तोंड करून. बाकीचे दहा जागेवर. तार तशीच, पीळ तसाच. पत्रा फिरवायचा तर दोन्ही पीळ सोडावे लागतात, आणि माझा पीळ मी ओळखतो. मी डिसोजाला झापला. तो छातीवर क्रूस करून शपथ घ्यायला लागला. मी म्हटलं तुझी शपथ तुझ्यापाशी ठेव. पत्रा सरळ केला, नवीन कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुलूप बंद, किल्ली कमरेला, पत्र्याची पाठ आमच्याकडं. म्हणजे डिसोजाचा हात नव्हता. माफी मागायची मला सवय नाय, म्हणून चहा पाजला.

पत्रा पुन्हा सरळ केला. दुपारी पार्वतीबाई आली. सुभद्राच्या जोडीनं लावणी करणारी, गावातली. तिनं पत्रा बघितला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“भावोजी, हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“काय झालं?”

“आवो, लावणी करताना बाय मागं मागं सरकते. लावलेलं तोंडाफुडं ऱ्हातं. तुम्ही तर सगळं भात तिच्या पाठीमागं लावलंय. लावलेलं तुडवत फुडं चाललीय ती. असं काम सुभद्रा करंल? तिनं बघितलं तर तोंड फिरवंल.”

डिसोजानं आणि मी एकमेकांकडं बघितलं. बाकी चित्रं घरातली, ती मी बघितलेली. हे एकच मनानं काढलेलं. वंदना दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि लहानपणापासून आईच्या हातात रोपांच्या मुठी देणारी तीच. हे बघून ती काय म्हणाली असती ते मला पाठ होतं.

तिथंच बाकावर पत्रा घेऊन बसलो. पार्वतीबाई शेजारी उभी राहून शिकवत होती, मधेमधे हसत होती. मागचं भात पुसून चिखल केला, पुढच्या चिखलात रोपं लावली. संध्याकाळपर्यंत कंबर मोडली — नुसतं रंगवून.

चौथ्या दिवशी दार उघडायला किल्ली डिसोजाच्या हातात दिली, खोटं कशाला सांगू? पत्रा सरळ. तोंड आमच्याकडं.

वंदना बाराच्या गाडीनं आली. बाकी पत्रे भरभर बघितले, लावणीपाशी थांबली ती थांबलीच. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “बाबा, हे तुम्हाला कुठं ठाऊक होतं?”

ठाऊक होतं म्हणालो असतो तर खपलं असतं. पण म्हटलं, “नव्हतं. चुकीचं काढलेलं. दोन दिवस तुझी आई पाठ करून बसली, मग कळलं.” आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं आता ऐकवणार. ती हसली. डोळे पुसत म्हणाली, “तिचा राग म्हणजे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी यायची वळणावर.” मग डब्यातली भाकरी काढली आणि साहेबाच्या देवळाच्या पायरीवर आम्ही दोघं जेवलो. आता फोन केला की तीच उचलते.

शिकलेली माणसं मला समजावतात — जुनी इमारत हाय, घाटातला वारा, पत्रा हलका. असंल. माझ्याकडं दुसरं काय कारण नाय. फक्त एवढं सांगा... भाताची लावणी कशी करतात, ते त्या वाऱ्याला कोणी शिकवलं?